चंदेरी वावटळ

१

ज्ञानेश पिंगळेचा उजवा डोळा गेला, तेव्हा सभागृहात टाळ्या वाजत होत्या.

गंगापूर रोडवर यो-योची स्पर्धा भरली होती. हो, यो-यो. आमच्या लहानपणी जत्रेत मिळायचा, दुसऱ्या दिवशी दोरा तुटायचा आणि आपण रडत बसायचो, तोच. आता त्याच्या पोटात बेअरिंग असतं आणि त्याचे चाहते असतात. नवा रंग बाजारात आला की तो चहा गार व्हायच्या आत संपतो, मग पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात. मी, रंगनाथ शिरसाठ, धंद्याने वकील. हे सगळं मला त्या रविवारनंतर कळलं आणि कळलं नसतं तर माझं काहीही अडलं नसतं.

ज्ञानेश नाशिकचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने निळा यो-यो चेहऱ्यासमोर आडव्या दोऱ्यावर चढवला, वेग दिला, आणि काच फुटावी तसा आवाज झाला. यो-योच्या ठिकऱ्या उडाल्या. तो गुडघ्यावर बसला, तोंडावर हात धरून. लोकांना वाटलं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. बोटांतून रक्त खाली यायला लागलं तेव्हा त्या थांबल्या.

त्या यो-योचं नाव 'वावटळ'. सातपूरच्या एमआयडीसीत सुवर्णा कोठावदे यांच्या छोट्या कारखान्यात तो बनतो. सुवर्णाताई माझ्या अशील. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या ऑफिसात येऊन बसल्या.

"वकीलसाहेब, हे नईमचं काम आहे. आमचा मशीन चालवणारा. त्याने प्लास्टिकच्या नव्या दाण्यात भंगाराचा दळलेला माल मिसळला असणार, आणि वाचलेला नवा दाणा बाहेर विकला असणार. मी पोलिसांना तसं सांगून आलेय."

"असणार की आहे?"

"दुसरं कोण करणार?"

पोलिसांनाही दुसरं कोणी सुचत नव्हतं. पुराव्याशिवाय माणूस आत जावा हे मला पटेना, तेव्हा इन्स्पेक्टरने मला रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर तज्ज्ञाने काही वेगळं सांगितलं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी नईम मणियारला अटक. गडी मागच्या बारा-पंधरा वर्षांत कधी चौकीची पायरी चढला नव्हता.

मी हाजरा पिंजारीला बोलावलं. मोडलेल्या प्लास्टिकची बाई. हेल्मेट फुटलं, पाण्याची टाकी फाटली, शिडी तुटून माणूस पडला, की विमा कंपन्या हिच्याकडे धाव घेतात. हिने तुकडे टेबलावर मांडले, खिडकीच्या उजेडात एकेक फिरवून पाहिला. माझा चहा पिऊन झाला, तिचा निवला. निळ्या प्लास्टिकच्या आत बारीक चंदेरी रेघा होत्या. दिसायला सुंदर, हे मला कबूल करावं लागेल.

"यात भेसळ नाही," ती म्हणाली. "भंगार असतं तर काळे कण दिसले असते. हा कोरा, उत्तम माल आहे."

"मग नईम सुटला!"

"एवढ्यात नाही. आणि हे कोणाला सांगू नका. सगळे भेसळ धरून बसलेत तोवर मला त्यांना भेटायचंय."

"माझ्या अशिलालासुद्धा नाही?"

"त्यांना तर मुळीच नाही," हाजरा म्हणाली.

२

कारखान्यात शिरल्याबरोबर गरम प्लास्टिकचा वास नाकात बसला. सुवर्णाताई स्वतः आम्हाला फिरवत होत्या. आधी त्या खेळण्यांचं दुकान चालवायच्या. पोरांना काय आवडतं ते त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, असं सगळे म्हणतात. भिंतीवर चाहत्यांनी पाठवलेली चित्रं लावली होती. एकाने तर हातावर वावटळ गोंदवून घेतली होती.

तपासणीच्या टेबलावर रूपाली गांगुर्डे बसली होती. माल पास करायचा की बाद, हे तिच्या हातात. तिने एक यो-यो उघडून दाखवला. झाकणाच्या आत हिरवा ठिपका.

"मी पास केलेल्या प्रत्येक नगाला हा ठिपका असतो. तुमच्या तुकड्यांत आहे का?"

नव्हता. हाजराने मान हलवली.

"मग तो माझ्या टेबलावरून गेलेलाच नाही."

"बाद केलेल्यातला कोणी उचलला असेल?"

"बाद माल कुलपात असतो आणि माझ्यासमोर दळला जातो. चंदेरी रेघ दिसली की मी बघतही बसत नाही, बाद."

सुवर्णाताई हसल्या. "रूपाली फार कडक. साध्या डागावरून माल फेकते. आणि बाहेर पोरं त्याच डागांसाठी वेडी झालीत. मला रोज विचारतात, ताई, चंदेरी कधी काढणार?"

रूपालीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा नग उचलला. मालकिणीशी वाद घालायची तिची पद्धत ती एवढीच.

"पोरांनी चंदेरी पाहिला कुठे, बाद माल दळला जातो तर?" हाजराने विचारलं.

मशीनचा साचा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

नईमला आम्ही बाहेर, चहाच्या टपरीवर गाठलं. त्याने चहाला हात लावला नाही.

"आपा, मी दाणा विकला नाय. माझी बायको आलिमा दोन दिवस जेवली नाय. लोक घरापुढून जाताना थांबून बघतात, त्या पोराचा डोळा ह्यानं फोडला म्हणून."

"चंदेरी रेघ कशाने येते, नईमभाई?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पाण्यानं. हा दाणा हवेतलं पाणी पितो. आधी ड्रायरमधी तापवून वाळवायचा, मग मशीनला द्यायचा. ओलाच दिला तर रेघा येतात."

"असा ओला माल मशीनला दिलाय कधी?"

"खंडेनवमीला."

आणि मग त्याने सांगितलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी सगळी बटणं बंद. ड्रायरसुद्धा, कारण तोही यंत्रच, त्यालाही हळदकुंकू लागतं. हार नईमनेच चढवला होता, दर वर्षी तोच चढवतो. पूजा झाली की मालकीणबाईंनी मशीन सुरू करून मुहूर्ताचे नग काढायचे आणि पेढ्याबरोबर कामगारांना वाटायचे.

"मी म्हणलो, मॅडम, ड्रायर गार हाय, माल ओला हाय, डाग येतील. त्या म्हणल्या, मुहूर्त टळंल. येऊ दे डाग."

"रूपालीने तपासले नाहीत ते?"

नईमला प्रश्नच कळला नाही. "मुहूर्ताचा माल कोण तपासतो, आपा? त्याला बाद म्हणायचं? दळायला टाकायचा? वर्षभर अपशकुन!"

म्हणजे वर्षातून एकदा या कारखान्यातून न तपासलेला माल बाहेर पडत होता, आणि तो थांबवणं पाप आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. कामगारांनी ते नग देवघरात ठेवले. कोणाच्या तरी पोराने देवघरातल्या यो-योचा फोटो टाकला, आणि पोरांच्या जगात आग लागली.

मी म्हणालो, "चला, उलगडलं. ज्ञानेशकडे मुहूर्ताचा नग गेला."

"नईमभाई, त्या दिवशी मशीनमध्ये रंग कुठला होता?" हाजराने विचारलं.

"झेंडूचा. केशरी. खंडेनवमीला दुसरा कशाला लावू?"

ज्ञानेशच्या डोळ्यातून काढलेला तुकडा निळा होता.

"अजून एक सांगतो," नईमचा आवाज खाली आला. "दिवाळीनंतर शनिवारच्या सुट्टीवरून आलो ना, की ड्रायर बंद सापडतो. मी चालू ठेवून गेलेला असतो. मशीनवरच्या हॉपरमधी, दाणा ओततो तिथं, निळा दाणा. मी निळा लावलेलाच नसतो."

सुट्टीच्या दिवशी कोणीतरी रिकाम्या कारखान्यात शिरून ओले यो-यो पाडत होतं.

३

वावटळच्या चाहत्यांचा म्होरक्या राज बोरस्ते. कॉलेज रोडला त्याचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि काउंटरमागे काचेच्या डबीत, खाली मखमल घालून, एक केशरी चंदेरी ठेवलेला.

"हा खंडेनवमीवाला, ओरिजिनल. एका कामगाराच्या पाया पडून मिळवलाय. खेळत नाय आपण, फक्त बघतो."

"आणि निळे?"

राज डबीची काच पुसायला लागला. मग त्याला राहवलं नाही. असल्या पोरांना गुपित पोटात ठेवलं की पोट दुखतं.

"निळे कुरिअरने येतात. पाठवणाऱ्याचं नाव नसतं. पहिला ज्ञानेशला आला, कारण तो बेस्ट. आपण विचारत नाय, मॅडम. विचारलं आणि बंद झाले तर?"

"ज्ञानेशचा तोच फुटला ना!"

"तो भेसळीचा होता. पेपरात आलंय. नईम कोण आहे ना तो, त्याची गेम."

हाजरा काउंटरवर वाकली. "राज, भेसळ नाही. ही चंदेरी रेघ दिसते ना, तीच कच्ची जागा आहे. वेगात फिरवला तर कुठलाही चंदेरी फुटू शकतो. अजून कोणाकडे आहेत?"

तो हसला. मी त्या हसण्याला घाबरलो, खरंच सांगतो. समोरची बाई डोळा जाईल म्हणतेय आणि याच्या चेहऱ्यावर नुसती हाव.

"ज्यांना मिळत नाय ते असंच बोलतात. रविवारी दुपारी मनमाडला मेळावा आहे. अख्खं खोकं येतंय. तुम्हीपण या."

"कोण पाठवतंय खोकं?"

"येईल तेव्हा येईल. पोरं दोरे घेऊन तयार आहेत."

मी त्याला कायद्याची भीती घातली. तोंडदेखलं 'नाय वाटणार' म्हणाला. केशरी नग मात्र तपासासाठी काढून दिला, तोही मी जप्तीचा शब्द उच्चारल्यावर. इन्स्पेक्टरला फोन केला तर ते म्हणाले, "वकीलसाहेब, यो-योसाठी मनमाडला फौज पाठवू का? तुम्ही मला तुमच्या त्या नईमचं काय ते सांगा."

परतताना हाजरा म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कारखान्याची किल्ली कोणाकडे असते?"

"सुवर्णाताई आणि रूपाली."

"म्हणजे दोघींपैकी एक. उद्या सुट्टी आहे. परवा सकाळी दोघींना आणि नईमला एका खोलीत बसवा."

"आणि कबूल कोण करणार?"

"कबूल करायची गरज पडणार नाही. ज्याला भीती वाटणार नाही, तो दोषी."

मला वाटलं उन्हाने हिचं डोकं फिरलं.

४

रविवारी सकाळी सुवर्णाताईंच्या केबिनमध्ये आम्ही पाचजण होतो. हाजराने दोरा बांधलेला केशरी यो-यो टेबलावर ठेवला.

"मला याचं वजन एकसारखं आहे का ते बघायचंय. मला खेळता येत नाही. रूपाली, जरा फिरवून दाखवतेस?"

रूपालीने यो-यो हातात घेतला, रेघा पाहिल्या आणि लांब सरकवून ठेवला. "नाही मॅडम. हा फिरवायचा नसतो."

"नईमभाई?"

नईमने तर हातच मागे घेतले. "आपा, तुमी गंमत करताय का?"

"काय हे!" सुवर्णाताई उठल्या. "माझाच माल आणि कोणाला फिरवता येईना? आणा इकडे."

त्यांनी दोरा बोटात अडकवला आणि यो-यो झपकन खाली सोडला. तो घूं करत वर आला. त्यांनी तो तोंडासमोर आणला, तसाच, ज्ञानेशने आणला होता तसा. चेहऱ्यावर छान हसू होतं. दुकानात पोरांना दाखवताना असेल तेच.

"मॅडम, नाय!" नईम ओरडला आणि त्याने टेबलावरची फाईल त्यांच्या तोंडापुढे धरली. हाजराने दोरा पकडला. यो-यो लोंबकळत थांबला. फुटला नाही.

"बसा, सुवर्णाताई," हाजरा हलक्या आवाजात म्हणाली.

"काय चाललंय काय?"

"ओला दाणा तापला की आतून तुटतो. रेघ हा नुसता डाग नाही, माल कच्चा झाल्याची खूण आहे. रूपालीला हे माहीत आहे, ती रोज माल आपटून बघते. नईमभाईंनाही माहीत आहे. या दोघांपैकी कोणीही असा यो-यो बनवून एखाद्या पोराला खेळायला पाठवला, तर तो जाणूनबुजून केलेला घात. पण ज्ञानेश नाशिकचा पहिल्या नंबरचा खेळाडू. त्याला पहिला नग पाठवणाऱ्याला घात करायचा नव्हता. त्याला भेट द्यायची होती. म्हणजे पाठवणाऱ्याला तो फुटेल हे ठाऊकच नव्हतं. किल्ली असलेली आणि हे ठाऊक नसलेली या कारखान्यात एकच व्यक्ती आहे. ती आत्ता आपण पाहिली."

सुवर्णाताई माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी हरकत घेईन म्हणून. मला एकही सुचली नाही.

"पण तो डाग आहे," त्या म्हणाल्या. "सगळे डागच म्हणतात! नईम, तू मला डागच म्हणाला होतास."

"आमच्यात डागच म्हणतात, मॅडम," नईम म्हणाला. "मला वाटलं, तुमाला माहीत हाय."

ही अशी गंमत. पंधरा वर्षं एका छपराखाली काम केलं. त्याने वाटून घेतलं की मालकिणीला ठाऊक आहे, मालकिणीने कधी विचारलं नाही, आणि रूपालीने बाद मालाचं कारण सांगायचे कष्ट घेतले नाहीत, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मुहूर्ताचे नग कोणी आपटून पाहिले असते तर त्याच दिवशी कळलं असतं.

"पोरं रोज मागत होती," सुवर्णाताई म्हणाल्या. "मला वाटलं, गुपचूप थोडे काढावेत. रूपालीसमोर नेले असते तर तिने बाद केले असते. नुसत्या दिसण्यावरून, असं वाटायचं मला. ज्ञानेशला पहिला पाठवला. तो खूश होईल म्हणून पाठवला हो! आणि मग तो फुटला तेव्हा मला खरंच वाटलं, त्या एकाच खेपेच्या दाण्यात नईमनेच काहीतरी..." त्यांनी तोंडावर पदर घेतला. "त्याचा डोळा मी घालवला."

रूपालीने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"मनमाडचं खोकं?" हाजराने विचारलं.

सुवर्णाताईंनी पदर खाली केला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कालच पोचलं."

५

चांदवडपर्यंत मी पुन्हा पुन्हा फोन लावत होतो. राज फोन उचलत नव्हता. नईम मागे बसून खिडकीबाहेर बघत होता. त्याला यायची काही गरज नव्हती. ज्या बाईने त्याला अडकवलं तिच्याच गाडीत तो बसला, कारण एकेक नग बघून ओळखणारं कोणीतरी हवं, असं तो म्हणाला.

मनमाडला स्टेशनपासून जवळच्या एका हॉलमध्ये मेळावा होता. आत शिरलो तर नुसती घरघर. सगळ्या हॉलभर पोरं, सगळ्यांचे हात वरखाली, आणि मधूनमधून निळ्यात चंदेरी चमकत होतं. चेहऱ्यासमोर, गळ्यापाशी, धाकट्या भावंडांच्या डोक्यावरून.

सुवर्णाताई सरळ स्टेजवर गेल्या आणि राजच्या हातातून माईक घेतला. त्यांना पाहून पोरांनी जल्लोष केला. वावटळवाली ताई! सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

वकील म्हणून माझं काम साधं होतं. धावत जाऊन माईक बंद करायचा. आता त्या जे बोलणार ते रेकॉर्ड होणार होतं आणि कोर्टात त्यांच्याच विरुद्ध वाजणार होतं. मी जागचा हललो नाही. मला हलायचंच नव्हतं.

"चंदेरी मी बनवले," त्या म्हणाल्या. "चुकीचे बनवलेत. ते फुटतात. ज्ञानेशचा डोळा माझ्यामुळे गेला. नईमने भेसळ केली नव्हती, त्याने मला आधीच थांबवलं होतं. मी ऐकलं नाही आणि नाव त्याचं घेतलं. हात जोडते, तुमच्या हातातले थांबवा. खाली ठेवा."

घरघर कमी कमी होत गेली. काही पोरं रडायला लागली, काही चिडली. राजने आधी नकारार्थी मान हलवली. मग स्टेजवरच्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि स्वतःचा निळा काढून खोक्यात टाकला. त्याच्यामागून बाकीचे आले. हाजरा खोकं धरून उभी राहिली. नईम प्रत्येक नग उजेडात धरून बघत होता.

"सगळे आले का?" मी विचारलं.

नईमने बोट वर केलं. तो कान देऊन ऐकत होता. सगळं थांबलं होतं, तरी कुठेतरी घूं चालू होतं.

पडद्यामागे, भिंतीकडे तोंड करून, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. कानात इयरफोन. यो-यो पूर्ण वेगात, नाकासमोर, आणि ती डोळे बारीक करून रेघा चमकताना बघत होती. हाक मारून उपयोग नव्हता. नईम धावला आणि त्याने तिचा चेहरा आणि यो-यो यांच्यामध्ये आपला पंजा घातला.

काच फुटावी तसा आवाज झाला.

मुलगी किंचाळली. तिला काही झालं नव्हतं. नईमच्या तळहातात निळे तुकडे रुतले होते आणि तो दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत म्हणत होता, "काय नाय झालं बेटा, काय नाय झालं."

सुवर्णाताई त्याच्यासमोर खाली बसल्या. पदर फाडून त्याचा हात बांधायला लागल्या. त्यांना गाठ जमत नव्हती. "नईम, मला माफ कर," त्या म्हणत होत्या. त्याने हात ओढून घेतला नाही. पण होही म्हणाला नाही.

माझा फोन वाजला. इन्स्पेक्टर होते.

"वकीलसाहेब, तुमची मुदत संपत आली. तो नईम मणियार घरी नाहीये. पळाला की काय? कुठाय तो, सांगा, गाडी पाठवतो."

मी नईमकडे पाहिलं, मग माझ्या अशिलाकडे. आयुष्यभर मी अशिलांना एकच सल्ला देत आलोय, पोलिसांशी माझ्याशिवाय बोलू नका. सुवर्णाताईंनी सगळं ऐकलं होतं. पदराची गाठ त्यांनी एकदाची घट्ट बसवली, डोळे पुसले आणि फोनसाठी हात पुढे केला. त्या हाताला नईमचं रक्त लागलेलं होतं.

मी त्यांना फोन दिला.